भारतीय बोलपटाचे जनक : खानबहादूर अर्देशीर इराणी

विद्यार्थिमित्रहो, सायंकाळच्या वेळी आपल्या शहागंजातील घड्याळाच्या मनोऱ्याजवळून जो कोणी जातो, त्याच्या कानांवर एकाच क्षणी किती आवाज येऊन आदळतात! फेरीवाल्यांची हाळी, रिक्षांचे भोंगे, मशिदीची अजान आणि लग्नसराईचे दिवस असले तर वरातीतील कर्णे. या ध्वनिवर्धक यंत्रांशी निगडित असे माईक, व्हॉल्यूम, गेन, एको इत्यादी शब्द हल्ली आपल्या लहानमोठ्या सर्वांच्या तोंडी झाले आहेत. परंतु व्हॉल्यूम आणि गेन यांत भेद काय, असे कोणी विचारले तर उत्तर देणारा विरळा. शब्द जिभेवर आहे, पण त्याचा अर्थ हाती लागलेला नाही, अशी आपली स्थिती आहे. ज्या पुरुषाने या शब्दांचे अर्थ वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी नव्याने शिकून घेतले, आणि त्यामुळे भारताचा मुका चित्रपट बोलू लागला, त्याचे चरित्र आम्ही आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

अर्देशीर इराणी यांचा जन्म 5 डिसेंबर 1886 रोजी पुणे येथे एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांनी काही काळ शिक्षण घेतले. त्यांच्या वडिलांचा वाद्यांचा व फोनोग्राफ यंत्रांचा व्यापार होता, त्यात ते पुढे सामील झाले. मेणाच्या नळकांड्यातून अथवा तबकडीतून मनुष्याचा आवाज निघतो, हा चमत्कार त्यांनी तरुणपणी रोज पाहिला. नंतर त्यांचे मन चित्रपटाकडे वळले. अब्दुलअली युसूफअली या भागीदारासह त्यांनी मुंबईचे अलेक्झांड्रा चित्रपटगृह चालविले. 1920 साली त्यांचा ‘नल दमयंती’ हा मूकपट आला. 1922 मध्ये भोगीलाल दवे यांच्या साहाय्याने त्यांनी स्टार फिल्म कंपनी काढली, आणि 1926 च्या सुमारास इंपीरियल फिल्म कंपनी ही नावाजलेली संस्था उभारली. मूकपटांच्या धंद्यात त्यांचा जम उत्तम बसला होता. दुसरा कोणी असता तर तेवढ्यावर संतुष्ट राहिला असता.

परंतु 1929 साली मुंबईच्या एक्सेलसियर चित्रपटगृहात ‘शो बोट’ हा अमेरिकन चित्रपट लागला. तो अंशतः बोलका होता. तो पाहून इराणींच्या मनाने घेतले की आपल्या देशाचा चित्रपटही बोललाच पाहिजे. त्यांनी परदेशाहून ध्वनिमुद्रणाचे यंत्र आणविले. यंत्राची जोडणी करण्यासाठी विल्फर्ड डेमिंग नावाचे अमेरिकन तज्ज्ञ मुंबईस आले. त्यांचा मेहनताना दिवसाला शंभर रुपये होता. त्या काळी ही रक्कम एवढी मोठी होती की चित्रपट पुरा होईतो असा खर्च चालविणे कंपनीस परवडणारे नव्हते. येथे इराणींच्या स्वभावाची कसोटी लागली. त्यांनी चित्रपट सोडला नाही व कर्जाच्या खाईतही उडी घेतली नाही. एवढ्या मोठ्या कंपनीचे ते धनी असूनही आपल्याच पगारावर आलेल्या माणसाचे शिष्य झाले. आपले सहकारी रुस्तुम भरूचा यांच्यासह त्यांनी डेमिंगपासून ध्वनिमुद्रणाची मूलतत्त्वे शिकून घेतली, आणि पुढे ‘आलम आरा’चे ध्वनिमुद्रण भरूचांच्या मदतीने स्वतः केले.

त्यांना पहिला पाठ शिकावा लागला तो मायक्रोफोनचा. मायक्रोफोन हा यंत्राचा कान होय. हवेतील आवाजाच्या लहरींचे विजेच्या लहरींत रूपांतर करणे एवढेच त्याचे काम. तथापि मनुष्याच्या कानामागे मन असते. नको तो आवाज ते बाजूस सारते. यंत्राच्या कानास ही निवड करता येत नाही. शिवाय मोकळ्या जागी बोलणारा दुप्पट दूर गेला की त्याच्या आवाजाचा जोर दुपटीने नव्हे, चौपटीने घटतो. मायक्रोफोन नटांच्या डोक्यावर दांडीने धरण्याची सोय तेव्हा त्यांच्याजवळ नव्हती. म्हणून कॅमेऱ्यास दिसणार नाही अशा बेताने तो कोठे तरी दडवून ठेवावा लागे, आणि नटाने त्याच्या आसपासच बोलावे लागे. मूकपटात हातवारे करीत स्वच्छंद वावरणाऱ्या नटांस ही केवढी शिस्त असेल, याची कल्पना करावी.

दुसरा पाठ गोंगाटाचा. ध्वनिशास्त्रात आपणांस हवा असलेला आवाज एक, आणि त्यात मिसळणारा नकोसा आवाज दुसरा. या दोहोंमध्ये जितके अंतर अधिक, तितके ध्वनिमुद्रण स्वच्छ. इराणींचा स्टुडिओ रेल्वेमार्गालगत होता, आणि आवाज बाहेर रोखणाऱ्या भिंती तेथे नव्हत्या. नटाने कितीही ओरडून संवाद म्हटला तरी गाडीच्या धडधडाटापुढे तो व्यर्थ. मग इराणींनी काय केले? आवाज वाढविण्याच्या भरीस न पडता त्यांनी शांतता शोधली. गाड्या थांबल्या की त्यांचे काम सुरू होई. मध्यरात्र उलटून गेल्यावर एक ते चार हे त्यांचे मुख्य तास. सारी मुंबई निद्राधीन असता मूठभर माणसे दिव्यांच्या उष्णतेत श्वास रोखून उभी आहेत, हे चित्र आम्हांस फार बोधप्रद वाटते.

तिसरा पाठ गेनचा व समतोलाचा. मायक्रोफोनातून निघणारा विजेचा प्रवाह अतिशय क्षीण असतो. यंत्रात शिरतानाच तो किती पटीने वाढवावा, त्या प्रमाणास गेन म्हणतात, आणि शेवटी कर्ण्यातून आवाज किती मोठा निघावा, ते व्हॉल्यूमचे काम. गेन फार कमी ठेवला तर पुढे आवाज वाढविताना यंत्राची खरखरही वाढते. फार जास्त ठेवला तर आवाज फाटतो. हल्ली प्रत्येक वाद्याचा आवाज निरनिराळा घेऊन मागाहून त्यांचे मिश्रण करतात. इराणींच्या यंत्रात चित्र व ध्वनी एकाच फितीवर एकाच वेळी उमटत, त्यामुळे मागाहून दुरुस्तीस वाव जवळजवळ नव्हता. ‘आलम आरा’त सात गाणी होती, आणि ती सर्व चित्रण चालू असतानाच गाइली गेली. साथीस हार्मोनियम, तबला व फिडल. गाणाराचा शब्द वाद्यांखाली बुडू नये म्हणून वाजविणारास किती अंतरावर बसवावे, हाच त्या वेळचा समतोल.

14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ प्रथम दाखविला गेला. मास्टर विठ्ठल, झुबेदा व पृथ्वीराज कपूर यांच्या त्यात भूमिका होत्या. लोकांची एवढी झुंबड उडाली की ती आवरण्यास पोलिसांस पाचारण करावे लागले, आणि चार आण्यांची तिकिटे चार-पाच रुपयांस विकली गेल्याचे सांगतात. त्याच वर्षी कलकत्त्याच्या मादन कंपनीचा ‘शिरीन फरहाद’ आला. त्यात चित्र व ध्वनी निरनिराळ्या फितींवर घेतले होते, आणि त्याचा आवाज अधिक सरस होता. म्हणजे इराणींचे काम निर्दोष नव्हते. परंतु पहिली वाट पाडणाऱ्याच्या पायांस काटे लागावयाचेच. 1932 साली प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट त्याच मॅजेस्टिकमध्ये झळकला, तो याच वाटेने.

इराणी मात्र एका यशावर थांबले नाहीत. त्यांच्या कंपनीने 1931 मध्येच ‘कालिदास’ हा तमिळ भाषेतील आद्य बोलपट काढला, 1933 मध्ये ‘दुख्तर-ए-लोर’ हा फारसी भाषेतील पहिला बोलपट, आणि 1937 मध्ये ‘किसान कन्या’ हा भारतातच रंग-प्रक्रिया झालेला पहिला रंगीत बोलपट. त्यांस खानबहादूर ही पदवी मिळाली. 1956 साली भारतीय बोलपटास पंचवीस वर्षे झाली, तेव्हा बोलपटाचे जनक म्हणून त्यांचा गौरव झाला. 14 ऑक्टोबर 1969 रोजी मुंबई येथे ते निवर्तले. खेदाची गोष्ट ही की ज्या चित्रपटाने देशास वाचा दिली, त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. काही छायाचित्रे उरली आहेत, परंतु त्या मध्यरात्री टिपलेला आवाज कायमचा हरपला आहे.

आता या चरित्राचा आपणांशी संबंध काय? स्नेहसंमेलनात व्यासपीठावरील कर्णा एकाएकी कर्कश शीळ घालू लागतो, आणि सारे सभागृह कानांवर हात ठेवते, हे आपण अनेकदा अनुभवले असेल. यास फीडबॅक म्हणतात. कर्ण्यातून निघालेला आवाज मायक्रोफोनात पुन्हा शिरतो, पुन्हा वाढून बाहेर पडतो, आणि ही फेरी थांबत नाही. अशा वेळी पुष्कळजण मायक्रोफोनावर टिचक्या मारतात. खरा उपाय सोपा आहे : कर्णे बोलणाराच्या पुढे श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावे, मायक्रोफोन त्यांच्या मागे असावा, बोलणाराने तोंड त्याच्याजवळ न्यावे, आणि गेन कमी करावा.

तसेच डेसिबेल हे आवाजाची तीव्रता मोजण्याचे माप असून ते टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून पडले आहे. साधे संभाषण सुमारे 60 डेसिबेलचे असते. दहा डेसिबेल वाढले म्हणजे आवाजाची शक्ती दसपट होते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी वस्तीत दिवसा 55 व रात्री 45 डेसिबेल ही मर्यादा आहे. शाळा, रुग्णालये व न्यायालये यांच्या सभोवतालचे 100 मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता-क्षेत्र म्हणून घोषित करण्याची त्यांत तरतूद आहे. हे आकडे ज्यास समजले, त्यास आपल्या घरच्या मंगलकार्यातील कर्णा शेजारच्या आजाऱ्यास किती पीडा देतो, हेही समजेल. पालकांनी याचा अवश्य विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

पवित्र शास्त्रात एलीया संदेष्ट्याची कथा आहे. होरेब पर्वतावर प्रचंड वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी प्रकटला, पण त्यांत परमेश्वर नव्हता. त्या सर्वांनंतर जी मंद वाणी आली, ती ऐकून एलीयाने आपले मुख झग्याने झाकून घेतले. अर्देशीर इराणी हे आपल्या जरथुष्ट्री धर्माचे. परंतु गाड्यांचा गडगडाट थांबेपर्यंत वाट पाहणारा तो गृहस्थ आम्हांस या कथेच्या फार जवळचा वाटतो. विद्यार्थिमित्रहो, आपल्या हाती मायक्रोफोन येईल तेव्हा प्रथम क्षणभर स्तब्ध राहा, आसपास काय चालले आहे ते ऐका, आणि मग बोला. ज्या शब्दाचा अर्थ ठाऊक नसेल तो विचारण्याची लाज बाळगू नका. शंभर रुपये रोज घेणाऱ्यास तो विचारण्याची लाज एका खानबहादुरासही वाटली नव्हती.