नरकाच्या भीतीतून सुटलेले संत

२४ जानेवारीला ख्रिस्तसभा संत फ्रान्सिस डी सेल्स ह्यांचा सण साजरा करते. पत्रकारांचे आश्रयदाते म्हणून ते आपल्याला ठाऊक आहेत. पण वयाच्या १९ व्या वर्षी, आपण नरकातच जाणार ह्या धास्तीने ते आजारी पडले होते, हे फारसे कुणी सांगत नाही.

त्यांचा जन्म १५६७ साली साव्हॉय प्रांतातील एका सरदार घराण्यात झाला. मुलाने वकील व्हावे ही वडिलांची इच्छा. त्यासाठी त्यांना पॅरिसला येशूसंघीयांच्या महाविद्यालयात धाडण्यात आले. तिथे तेव्हा एका प्रश्नावर मोठे वाद चालत. कोण तरणार आणि कोण नाही, हे देवाने आधीच ठरवून ठेवले आहे काय? जिनिव्हाच्या कॅल्व्हिनने ह्याचे उत्तर 'होय' असे दिले होते. कॅथोलिक धर्मपंडितांतही ह्यावर एकमत नव्हते. १५८६ च्या हिवाळ्यात हा प्रश्न फ्रान्सिस ह्यांच्या मनात काट्यासारखा रुतला. आपले नाव नाकारलेल्यांत असेल, तर प्रार्थना कशाला आणि पापनिवेदन तरी कशाला? सुमारे सहा आठवडे त्यांना अन्न गोड लागेना, झोप येईना. पापनिवेदन करून आल्यावरही ज्यांच्या मनाची रुखरुख जात नाही, अशा आपल्यातल्या कित्येकांना हे दुःख समजेल.

१५८७ च्या जानेवारीत ते संत स्तेफनच्या मंदिरात शिरले आणि काळ्या मरियामातेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकले. मरणानंतर देवावर प्रीती करणे आपल्या वाट्याला नसेलच, तर निदान जिवंत आहोत तोवर तरी ती करायची, असा त्यांनी निश्चय केला. तिथल्या फळीवर मरियामातेची एक प्रार्थना लिहिलेली होती, ती म्हटली आणि ते उठले. भीती गेली होती. त्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नव्हते. त्यांनी देवाशी हिशेब मांडणे सोडून दिले होते, असे आम्हाला वाटते.

१५९३ साली ते धर्मगुरू झाले आणि १६०२ साली जिनिव्हाचे बिशप. शहर कॅल्व्हिनपंथीयांच्या ताब्यात असल्याने ते आन्सी गावी राहत. पापनिवेदनाला येणाऱ्याला ते इतक्या मायेने वागवीत की काहींना ती मवाळी खटके. पण पाप म्हणजे काहीच नव्हे, असे त्यांनी कधी शिकवले नाही. प्रापंचिकांसाठी लिहिलेल्या त्यांच्या १६०९ च्या पुस्तकात नरकावरही एक मनन आहे. त्याच्या लगेच पुढचे मनन स्वर्गावर आहे. वाचकाला ते नरकाच्या दारात सोडून जात नाहीत.

२८ डिसेंबर १६२२ रोजी लियाँ शहरी त्यांचे निधन झाले. १६६५ साली त्यांना संतपद मिळाले. डॉन बॉस्को ह्यांच्या सलेशियन संघाला त्यांचेच नाव आहे, आणि आपल्या नागपूरच्या कॅथेड्रललाही.

पॅरिसचे ते मंदिर फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात नाहीसे झाले. काळी मरियामाता मात्र वाचली. पॅरिसलगतच्या न्यूई येथे सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमध्ये ती मूर्ती आजही आहे.