कॅमिलो गॉल्जी

इटालियन शास्त्रज्ञ कॅमिलो गॉल्जी यांचा जन्म ७ जुलै १८४३ रोजी उत्तर इटलीतील कॉर्तेनो या डोंगराळ गावी झाला. वडील डॉक्टर होते. गॉल्जी यांनीही १८६५ मध्ये पाविया विद्यापीठाची वैद्यकीय पदवी संपादन केली. १८७२ मध्ये ते अब्बियातेग्रासो येथील रुग्णालयात रुजू झाले. तेथे संशोधनाची सोय नसल्याने त्यांनी स्वयंपाकघरातच प्रयोगशाळा थाटली आणि १८७३ मध्ये चेतापेशी काळ्या रंगात ठळकपणे दाखविणारी रंजनपद्धती शोधून काढली. चेतासंस्थेवरील कार्याबद्दल त्यांना १९०६ चे नोबेल पारितोषिक सान्तियागो रामोन इ काहाल यांच्यासमवेत विभागून मिळाले. चेतासंस्था म्हणजे अखंड जाळे, हे त्यांचे मत मात्र पुढे चुकीचे ठरले.

१८९८ मध्ये घुबडाच्या मेंदूतील पेशींत त्यांना एक नाजूक जाळीदार रचना आढळली. ही रचना खरी नसून रंगद्रव्यांमुळे होणारा भास आहे, अशी शंका अनेक दशके घेतली गेली. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तिचे अस्तित्व निर्विवाद सिद्ध केले. तीच आजची गॉल्जी संकुल.

या रचनेचे महत्त्व वनस्पतींच्या वाढीत विशेष जाणवते. पाण्याच्या दाबाने पेशीभित्तिका ताणली जाते; परंतु आतील पेशीपटल जेमतेम काही टक्केच ताणू शकते. त्यापुढे ते फाटेल. म्हणून वाढत्या पेशीला नवे पटल सतत पुरवावे लागते. गॉल्जी संकुलातून सुटणाऱ्या सूक्ष्म पुटिका पृष्ठभागाशी येऊन पेशीपटलात विलीन होतात. त्यांचे आवरण पटलाचा भाग बनते आणि आतील पेक्टिनसारखी द्रव्ये भित्तिकेला मिळतात. या क्रियेस एक्सोसायटोसिस म्हणतात. फुलातील परागनलिकेच्या टोकाशी ती अत्यंत वेगाने चालते. तेथे गरजेपेक्षा अधिक पटल येऊन पोचते व जादा भाग पुन्हा आत ओढून घेतला जातो. ही नलिका बीजांडापर्यंत पोचली नाही, तर सपुष्प वनस्पतींत फलन होत नाही आणि धान्याचा दाणाही भरत नाही.

हिवतापाच्या परजीवीवरही मौलिक संशोधन करणाऱ्या गॉल्जी यांचे २१ जानेवारी १९२६ रोजी पाविया येथे निधन झाले. त्यांच्या शोधाविषयीची शंका मिटलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांचे जन्मगाव आज कॉर्तेनो गॉल्जी या नावाने ओळखले जाते.