विश्लेषण : हिंदी गाण्यात ‘रॉक अँड रोल’चा ठेका आणणारे सी. रामचंद्र कोण होते?

उल्हासनगरच्या कॅम्पातून असो की अंबरनाथ-बदलापूरच्या गल्लीतून, लग्नाची वरात निघाली आणि बेंजोवाल्यांनी ‘अलबेला’तली चाल धरली की आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांचे पाय आपोआप हलू लागतात. हा चित्रपट १९५१ सालचा. त्याची गाणी बांधणारा संगीतकार नगर जिल्ह्यातला, रीतसर शास्त्रीय गाणे शिकलेला. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. स्विंग, लॅटिन अमेरिकी ताल आणि पुढे रॉक अँड रोल हिंदी गाण्यात रुजवण्याचे मोठे श्रेय त्यांना दिले जाते. पण हे श्रेय एकट्याचे आहे का?

सुरुवात कुठून झाली?

१२ जानेवारी १९१८ रोजी पुणतांबे येथे त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले. मात्र चित्रपटात ते आले ते नट व्हायला. वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’मध्ये त्यांनी काम केले. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये छोट्या भूमिका केल्या. अभिनयात जम बसेना, तेव्हा तिथेच बुंदू खान आणि हबीब खान या संगीतकारांना हार्मोनियमची साथ करू लागले. स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली संधी मिळाली ती ‘जयक्कोडी’ आणि ‘वनमोहिनी’ या तमिळ चित्रपटांत. मग मित्र भगवान यांच्या ‘सुखी जीवन’ने १९४२ मध्ये हिंदीचे दार उघडले.

वेगळे काय केले?

तबला, सारंगी, हार्मोनियम हा तेव्हाच्या गाण्यांचा पाया. सी. रामचंद्र यांचे कान मात्र अमेरिकी बँडच्या तबकड्यांकडे लागलेले होते. ‘शहनाई’ (१९४७) मधल्या रविवारच्या गाण्यात त्यांनी गिटार, हार्मोनिका आणि चक्क शिट्टी वापरली. ‘अलबेला’त बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन आले. पडद्यावर नाचायला भगवान आणि गीता बाली होते. भगवान यांच्या पावलांत अवघड काहीच नव्हते. थिएटरात बसलेल्या कुणालाही जमेल असा तो नाच होता आणि गाण्याचा ठेकाही तसाच. त्यातली नायकाची गाणी ‘चितळकर’ या नावाने स्वतः संगीतकारानेच गायली होती.

रॉक अँड रोलचा ठेका म्हणजे नेमके काय?

आपला केरवा आठ मात्रांचा. त्यात पहिल्या मात्रेला, म्हणजे समेला मान असतो. रॉक अँड रोलमध्ये मोजणी चारची असते आणि जोर पडतो दुसऱ्या व चौथ्या ठोक्यावर. पायाने वाजणारा मोठा ड्रम चाल धरून ठेवतो, हातातल्या काठीचा कडक फटका लहान ड्रमवर बसतो आणि झांज सतत चालू राहते. ऐकणाऱ्याची टाळी नेमकी त्या फटक्यावर पडते. बिल हॅली आणि एल्व्हिस प्रेस्ली यांच्यामुळे १९५५-५६ मध्ये हा प्रकार जगभर पोहोचला. १९५७ मध्ये ‘आशा’ चित्रपटात सी. रामचंद्र यांचे ‘ईना मीना डीका’ आले. किशोरकुमार आणि आशा भोसले या दोघांच्याही आवाजात हे गाणे आहे. हिंदीतल्या अगदी सुरुवातीच्या रॉक अँड रोल गाण्यांत त्याची गणना होते.

हे वाजवत कोण होते?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मुंबईच्या स्टुडिओत त्या काळी गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. चर्चच्या शाळांत ते स्वरलिपी वाचायला शिकलेले असत. संध्याकाळी हॉटेलांत जॅझ वाजवायचे आणि दिवसा ध्वनिमुद्रणाला यायचे. संगीतकार चाल गुणगुणून दाखवी. तिची लिपी उतरवणे, कुठे ट्रम्पेट आणि कुठे ड्रम हे ठरवणे, यात त्यांचा वाटा मोठा होता. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे ताजमहाल हॉटेलात गाजलेले ट्रम्पेटवादक सी. रामचंद्र यांचे सहाय्यक होते. ‘अलबेला’त ते आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. पाश्चात्त्य तालवाद्यांत पारशी वादक कावस लॉर्ड हे मोठे नाव. त्यांची मुले केर्सी आणि बर्जोर हेही पुढे याच क्षेत्रात आले. ‘ईना मीना डीका’तल्या ‘माका नाका’ या शब्दांमागे जॉन गोम्स हे गोव्याचे सहाय्यक होते, असे सांगितले जाते. कोकणीत त्याचा अर्थ ‘मला नको’ इतकाच! पडद्यावरच्या श्रेयनामावलीत आणि तबकडीवर मात्र वादकांची नावे सहसा नसत. ड्रम कोणी वाजवला, हे लाखो श्रोत्यांना कळलेच नाही.

टीका का झाली?

परक्या सुरांनी आपले संगीत बिघडवले, चाली उचलल्या, असे आक्षेप घेतले गेले. त्यात तथ्य नव्हते असे नाही. ‘समाधी’ (१९५०) मधल्या ‘गोरे गोरे’चे मूळ कारमेन मिरांडाच्या हॉलिवूडमधल्या गाण्यात सापडते. १९५२ मध्ये तर नभोवाणी मंत्री बी. व्ही. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. आकाशवाणीने माघार घेत विविध भारती सुरू केली ती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी. ‘आशा’ही त्याच वर्षीचा.

सी. रामचंद्र यांनी टीकेला उत्तर दिले ते चालींतूनच. ‘अनारकली’ (१९५३) मध्ये लता मंगेशकरांच्या आवाजातली रागदारीवर आधारलेली गाणी दिली. ‘आझाद’ (१९५५) ची गाणी अतिशय कमी वेळात पूर्ण केली. व्ही. शांताराम यांचा ‘नवरंग’ (१९५९) संगीतानेच लक्षात राहिला. मराठीत ‘घरकुल’ची गाणी घरोघरी पोहोचली.

पुढे काय झाले?

साठच्या दशकात नवे संगीतकार आले. मोठ्या वाद्यवृंदाची आणि पाश्चात्त्य तालाची सवय आता सगळ्यांनाच झाली होती. ज्या वाटेवर सी. रामचंद्र आधी चालले तिथे गर्दी झाली आणि त्यांच्याकडचे चित्रपट कमी होत गेले. तरीही २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लता मंगेशकरांनी गायलेले ‘ऐ मेरे वतन के लोगों’ त्यांचेच. कवी प्रदीप यांच्या या गीताला त्यांनी दिलेली चाल संथ आणि गंभीर आहे. ‘ईना मीना डीका’ करणाऱ्याचीच ही चाल, यावर पटकन विश्वास बसत नाही.

१९७७ मध्ये ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे त्यांचे आत्मचरित्र आले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. चिक चॉकलेट त्याआधी पंधरा वर्षे, १९६७ मध्येच गेले होते. आज मोबाइलवर ही जुनी गाणी लावली तर गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे लगेच दिसतात. ज्यांच्या ठेक्यावर वरात नाचते, त्या वादकांची नावे मात्र अजूनही बहुतेक ठिकाणी दिसत नाहीत.