विश्लेषण : धरणातून झिरपणारे पाणी धोक्याचे केव्हा? हे सांगणारे कार्ल टर्झागी कोण होते?

गंगापूर धरण भरू लागले की नाशिककर विचारतात, साठा किती टक्के आणि गोदावरीत विसर्ग किती? सहा दशकांहून जुन्या या मातीच्या धरणाबाबत अभियंत्यांचा प्रश्न वेगळा असतो : पायथ्याशी झिरपणारे पाणी स्वच्छ आहे की गढूळ? या प्रश्नाला शास्त्राचा पाया दिला कार्ल टर्झागी यांनी.

कोण होते टर्झागी?

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ रोजी प्राग येथे झाला. ऑस्ट्रियातील ग्राझमध्ये ते मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकले. बांधकामांवर काम करताना त्यांना एक बाब खटकली. पोलादाचे गणित होते, मातीबाबत मात्र बरेचसे अंदाजावर चालायचे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते अध्यापनासाठी इस्तंबूलला गेले. तेथे साध्या साहित्यातून उपकरणे जुळवून त्यांनी मातीवर प्रयोग केले. १९२५ मध्ये त्यांचा ग्रंथ आला आणि मृदा यांत्रिकी ही स्वतंत्र शाखा म्हणून उभी राहिली. पुढे एमआयटी, व्हिएन्ना आणि हार्वर्ड येथे त्यांनी शिकवले.

धोका नेमका कुठे?

मातीच्या धरणातून थोडे पाणी झिरपतेच. मात्र ते मातीचे कण सोबत नेऊ लागले, तर आत नळीसारखी पोकळी तयार होते आणि जलाशयाच्या दिशेने वाढत जाते. यालाच ‘पायपिंग’ म्हणतात. जुन्या धरणात झाडांची मुळे, बिळे किंवा बांधकामालगतच्या फटींतून पाण्याला वाट मिळते. बाहेरून भिंत मात्र धडधाकट दिसते.

टर्झागींचा उपाय काय?

पाणी जाऊ द्या, माती अडवा. त्यासाठी वाळू-खडीचा गाळणीथर. गाळणीतील बारीक कण मातीच्या जाड कणांच्या चौपटीहून मोठे नकोत, हा त्यांचा नियम आजही पायाभूत मानला जातो.

टर्झागींचे निधन २५ ऑक्टोबर १९६३ रोजी झाले. त्यांनी सल्ला दिलेल्या कॅनडातील मिशन धरणाला १९६५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

आज हे का महत्त्वाचे?

२ जुलै २०१९ रोजी चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटून २० हून अधिक जणांचा बळी गेला. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. राज्याची धरण सुरक्षितता संघटना आणि ‘मेरी’ या दोन्ही संस्था नाशिकमध्येच आहेत. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर धरणांची तपासणीही होते. तरीही पायथ्याशी अचानक गढूळ पाणी किंवा माथ्यावर खचलेली जागा दिसली, तर तातडीने प्रशासनाला कळवणे आवश्यक आहे.