एडिसनच्या १७ वर्षं आधी त्याने आवाज कागदावर उतरवला, पण तो ऐकायला जगाला १४८ वर्षं लागली

आवाज पहिल्यांदा रेकॉर्ड कुणी केला? असं विचारलं की शाळेतलं पोरगंही सांगेल, थॉमस एडिसन, साल १८७७. पण त्याच्याही आधी पॅरिसमधल्या छापखान्यात काम करणाऱ्या एका माणसाने हे करून ठेवलं होतं. त्याचं नाव एदुआर-लिओं स्कॉट द मार्टिनव्हिल.

स्कॉटचा जन्म १८१७ चा, पॅरिसचाच. छापखान्यात मुद्रितं तपासणं हे त्याचं काम, त्यामुळे शास्त्रीय पुस्तकं आपसूक वाचून व्हायची. त्याला नाद होता लघुलिपीचा, म्हणजे शॉर्टहँडचा. १८४९ मध्ये त्याने लघुलिपीचा इतिहासही लिहिला. पण हात कितीही वेगाने चालला, तरी बोलणाऱ्याचा सूर आणि चढउतार कागदावर येत नाहीत, ही गोष्ट त्याला खटकत होती.

अशातच एका पुस्तकाची मुद्रितं तपासताना त्याच्यासमोर कानाच्या रचनेची चित्रं आली. त्याने विचार केला, फोटो काढायला कॅमेरा हा यांत्रिक डोळा आहे, तर मग यांत्रिक कान का बनवू नये?

त्याने एक कर्णा घेतला. त्याच्या टोकाला कानाच्या पडद्यासारखा पातळ पडदा ताणला आणि पडद्याला एक ताठ केस चिकटवला. समोर काजळी धरलेला कागद गुंडाळलेलं नळकांडं. कर्ण्यात बोललं की पडदा थरथरायचा आणि नळकांडं फिरवलं की केस काजळीवर नागमोडी रेघ ओढायचा. हाच फोनऑटोग्राफ. १८५७ मध्ये त्याने पेटंट घेतलं.

९ एप्रिल १८६० ला स्कॉटने एका जुन्या फ्रेंच लोकगीताचा तुकडा असाच कागदावर उतरवला. शेजारी नादकाट्याची, म्हणजे ट्यूनिंग फोर्कची रेघही ओढून घेतली, म्हणजे वेळेचं मोजमाप राहील.

पण एक गंमत होती. हे यंत्र आवाज परत ऐकवायचं नाही. आणि स्कॉटला ते करायचंही नव्हतं! माणसं या रेघा अक्षरांसारख्या वाचायला शिकतील, अशी त्याची कल्पना होती. ते काही जमलं नाही. ध्वनीचा अभ्यास करायला प्रयोगशाळांनी यंत्र घेतलं, पण स्कॉटच्या हाती फारसं काही लागलं नाही.

मग एडिसनचा फोनोग्राफ आला आणि जगभर गाजला. १८७८ मध्ये स्कॉटने पदरमोड करून पुस्तिका छापली आणि आपलं श्रेय मागितलं. त्याचं म्हणणं असं की आवाज लिहिणं हेच खरं काम होतं, एडिसनने फक्त तो परत वाजवला. पुढच्याच वर्षी, १८७९ च्या एप्रिलमध्ये तो गेला.

त्याचे कागद पॅरिसमधल्या सरकारी दफ्तरांत पडून राहिले. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ‘फर्स्ट साउंड्स’ गटाच्या संशोधकांनी ते शोधले, स्कॅन केले आणि कॉम्प्युटरच्या मदतीने त्या रेघांचा परत आवाज केला. आधी वाटलं एखादी मुलगी गातेय. नंतर कळलं की नादकाट्याचा हिशोब चुकल्यामुळे आवाज दुप्पट वेगाने वाजत होता. वेग निम्मा केल्यावर पुरुषाचा आवाज निघाला, बहुधा खुद्द स्कॉटचाच. २०१५ मध्ये युनेस्कोने या नोंदींना ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’च्या यादीत घेतलं.

मागे पडलेल्या अशा यंत्रांचा अभ्यास करणारी एक अख्खी विद्याशाखा आज आहे, मीडिया आर्किऑलॉजी. एखादं यंत्र हरलं म्हणजे त्यामागचा विचार चुकीचा होता असं ही मंडळी मानत नाहीत. ते यंत्र कशासाठी बनवलं होतं, हे ती आधी विचारतात. जोनाथन स्टर्न यांनी ‘द ऑडिबल पास्ट’ या २००३ च्या पुस्तकात फोनऑटोग्राफला मोठी जागा दिली, तीही हा आवाज ऐकू येण्याच्या पाच वर्षं आधी.

आणि स्कॉटची कल्पना अगदीच वाया गेली असंही नाही. व्हॉइस नोट पाठवल्यावर स्क्रीनवर जी वरखाली होणारी नक्षी दिसते, ते आवाजाचं चित्रच असतं. स्कॉटला आवाज तसाच डोळ्यांनी बघायचा होता.