लक्ष्मणराव किर्लोस्कर
लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर (२० जून, इ.स. १८६९ – २६ सप्टेंबर, इ.स. १९५६) हे मराठी उद्योजक व किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. त्यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईच्या सर जे.जे. कलाशाळेत रंगांधळेपणामुळे चित्रकला सोडून ते यांत्रिक आरेखन शिकले. व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत हा विषय शिकवत असतानाच कार्यशाळेतील यंत्रे स्वतः हाताळून त्यांनी यंत्रविद्या आत्मसात केली. बढती डावलली गेल्याने त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर बनवले. इ.स. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. औपचारिक तांत्रिक शिक्षण नसलेले अनेक तरुण तेथे प्रत्यक्ष कामातून कुशल कारागीर झाले.