साने गुरुजींचे हस्तलिखित दैनिक

कोकणातील पालगड या गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. घरी दारिद्र्य असल्यामुळे विद्या त्यांस मोठ्या कष्टाने मिळाली. १९२४ साली ते खानदेशात अमळनेर येथे शिक्षक झाले, व पुढे छात्रालयाचा भारही त्यांच्यावर आला. मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे आवरणे, ही कामे ते आपण होऊन करीत.

याच छात्रालयात मुलांकरिता ते स्वहस्ते एक दैनिक लिहू लागले. इतिहास, वाङ्मय, थोरांची चरित्रे, जगाची वार्ता, असे नाना विषय त्यात येत. शाळेत हे विषय निरनिराळ्या तासांना वाटलेले असतात. येथे ते एकाच कागदावर, एकाच प्रेमळ वाणीने मुलांस भेटत. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढले.

१९३० साली देशकार्यासाठी त्यांनी शिक्षकाची नोकरी सोडली व तुरुंगवास पत्करला. ११ जून १९५० रोजी ते निवर्तले.

वाचकहो, खेड्यातील शाळेत पुस्तके थोडी असतात, म्हणून शिक्षकाचे मन खचते. परंतु कागद, शाई व मुलांविषयी प्रीती एवढ्यावरही पुष्कळ शिकवता येते, हे आम्हांस या चरित्रावरून दिसते.